काश्मीरची विधानसभा : मत मिळाले, सत्ता कोठे आहे?

(पक्षाच्या अभ्यासशिबिरात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

काल सायंकाळच्या सत्रानंतर काश्मीरसंबंधी दोन चिठ्ठ्या माझ्या हाती आल्या. दोन्हींवर नाव नाही, परंतु प्रश्न प्रामाणिक आहेत. पहिल्या चिठ्ठीत विचारले आहे : 2024 च्या विधानसभा निवडणुकीत जम्मू-काश्मीरमध्ये जवळजवळ 64 टक्के मतदान झाले, रांगा लागल्या, कोणी बहिष्कार घातला नाही. मग 5 ऑगस्ट 2019 च्या निर्णयाला जनतेने मान्यता दिली असे केंद्र सरकार म्हणते, ते आपण कोणत्या तोंडाने नाकारायचे? दुसरी चिठ्ठी नेमकी उलट बाजूने आली आहे : जी विधानसभा पोलिसाच्या एका शिपायाचीही बदली करू शकत नाही, त्या विधानसभेसाठी आपल्या पक्षाने निवडणूक लढवलीच कशाला?

या दोन चिठ्ठ्या लिहिणारे कॉम्रेड बहुधा एकाच सतरंजीवर शेजारी बसले असतील. दोघांचेही समाधान एकाच उत्तराने व्हावयास हवे. त्यासाठी थोडे मागे जाणे भाग आहे, कारण काश्मीरच्या शेतकऱ्याला मतपत्रिकेच्या आधी जमीन मिळाली, आणि तेथील राजकारणाची किल्ली या क्रमात आहे.

शेख अब्दुल्ला यांच्या नॅशनल कॉन्फरन्सने 1944 मध्ये ‘नया काश्मीर’ हा कार्यक्रम स्वीकारला. त्याच्या घडणीत बी. पी. एल. बेदी यांच्यासारख्या कम्युनिस्टांचा मोठा वाटा होता. श्रीनगरच्या मुख्य चौकाला लाल चौक हे नाव पडले, तेही मॉस्कोच्या चौकावरून. डोगरा महाराजांच्या राजवटीत शेतकरी वेठ आणि करभार यांखाली भरडला गेलेला होता. 1950 च्या कायद्याने जमीनधारणेवर 182 कनाल, म्हणजे पावणेतेवीस एकरांची मर्यादा घालण्यात आली, आणि वरची जमीन नुकसानभरपाई न देता काढून घेण्यात आली. सुमारे 9 हजार जमीनदारांना त्याची झळ लागली. आपल्याकडे कूळकायद्याच्या लढाया कशा झाल्या आणि कमाल जमीनधारणेचा कायदा येण्यास 1961 साल कसे उजाडले, हे येथील ज्येष्ठ कॉम्रेड्सना सांगावयास नको. तो कायदाही भरपाई देणारा होता. बागायती फळबागा मात्र काश्मीरच्या कायद्यातून वगळल्या गेल्या आणि अनेक जमीनदारांनी त्या पळवाटेचा लाभ घेतला, हेही नमूद केले पाहिजे. तरीसुद्धा एवढा जमीन सुधारणेचा कायदा राज्याला करता आला, कारण त्याला स्वतःची संविधानसभा आणि स्वतःचे अधिकार होते. कलम 370 म्हणजे एका धर्माला दिलेली सवलत असा प्रचार करणाऱ्यांना ही गोष्ट ऐकावयाची नसते. ऑक्टोबर 2020 मध्ये केंद्र सरकारने एका आदेशाने जे कायदे मोडीत काढले, त्यांत हा 1950 चा कायदाही होता. त्यावर विधानसभेत चर्चा होण्याचा प्रश्नच नव्हता, कारण तेव्हा विधानसभाच नव्हती.

जमीन मिळाली. मत मात्र सुरुवातीपासूनच नासवले गेले. 1951 च्या संविधानसभेत 75 च्या 75 जागा नॅशनल कॉन्फरन्सच्या पदरात पडल्या, आणि बहुतेक सर्व बिनविरोध. हे करणारे पुरोगामी होते म्हणून त्याचे समर्थन करण्याची चूक आपण करता कामा नये. ज्या पद्धतीने शेख साहेबांनी विरोधकांना बाहेर ठेवले, त्याच पद्धतीने दिल्लीने नंतर त्यांना बाहेर ठेवले. ऑगस्ट 1953 मध्ये त्यांना पदच्युत करून अटक झाली आणि पुढील काळातील बराचसा भाग त्यांचा कैदेत गेला. पुढच्या निवडणुकांतही विरोधकांचे अर्ज फेटाळून उमेदवारांना बिनविरोध घोषित करण्याचा परिपाठ चालू राहिला. 1977 ची निवडणूक मात्र खोऱ्यातील सामान्य माणूस आजही खरी निवडणूक म्हणून आठवतो. आणीबाणीला देशाने झुगारले होते, त्या वाऱ्यात काश्मीरलाही एकदा मोकळा श्वास मिळाला.

हा श्वास फार काळ टिकला नाही. 2 जुलै 1984 रोजी राज्यपाल जगमोहन यांनी डॉ. फारुख अब्दुल्ला यांचे सरकार बरखास्त केले. फुटलेल्या आमदारांच्या बळावर त्यांचेच मेहुणे मुख्यमंत्री झाले. दिल्लीशी भांडून राज्य करता येत नाही असा धडा फारुख यांनी त्यातून घेतला आणि 1986 च्या अखेरीस राजीव गांधींशी करार केला. एकेकाळचे प्रतिस्पर्धी एका बाजूला गेले. मग सरकारविरोधी असंतोष व्यक्त करण्यास जागा कोठे उरली? ती जागा मुस्लिम युनायटेड फ्रंटने घेतली. त्या आघाडीच्या केंद्रस्थानी जमाते इस्लामी होती. तिचे राजकारण जमातवादी होते आणि आपला तिला विरोध होता. परंतु विरोधकाचेही मत मोजले गेले पाहिजे, हा प्रश्न त्याहून निराळा आहे.

23 मार्च 1987 च्या मतदानात 75 टक्क्यांच्या आसपास मतदार उतरले. कॉम्रेड्स, हा आकडा लक्षात ठेवा. श्रीनगरच्या अमिरा कदल मतदारसंघात फ्रंटचे उमेदवार महंमद युसूफ शाह आघाडीवर असल्याचे सर्वांना दिसत होते, आणि निकाल लागला तो नॅशनल कॉन्फरन्सच्या उमेदवाराच्या बाजूने. शाह यांना तुरुंगात टाकण्यात आले. तेच पुढे सय्यद सलाहुद्दीन या नावाने हिज्बुल मुजाहिदीनचे म्होरके झाले. त्यांच्या प्रचारात राबणाऱ्या तरुणांत यासीन मलिक होता. फ्रंटला अवघ्या चार जागा देण्यात आल्या. ‘देण्यात आल्या’ हा शब्द मी जाणीवपूर्वक वापरतो.

पाकिस्तानी लष्कराने आणि गुप्तहेर खात्याने शस्त्रे पुरवली, छावण्या चालवल्या, अफगाण युद्धातून उरलेला दारूगोळा इकडे वळवला, हे सर्व खरे आहे आणि ते विसरण्याचे कारण नाही. परंतु सीमा 1987 च्या आधीही होती, पाकिस्तानही होता. मग 1988 नंतरच मुले एवढ्या संख्येने सीमा का ओलांडू लागली, या प्रश्नाचे उत्तर दिल्लीच्या कागदपत्रांत मिळत नाही. ते अमिरा कदलच्या मतमोजणीत मिळते. नोव्हेंबर 1989 च्या लोकसभा निवडणुकीत बारामुल्ला आणि अनंतनाग येथे पाच टक्क्यांच्या आसपास मतदान झाले, आणि श्रीनगरची जागा बिनविरोध गेली. अडीच वर्षांत 75 वरून पाचवर! तोवर बंदुकीची दहशतही होतीच. लोकांनी बहिष्कार किती मनाने पाळला आणि किती भयाने, याचे गणित कोणालाच मांडता येणार नाही.

बंदुकीने प्रथम कोणाला मारले, हेही सांगितले पाहिजे. ऑगस्ट 1989 मध्ये नॅशनल कॉन्फरन्सच्या एका मुस्लिम कार्यकर्त्याचा बळी गेला. सप्टेंबरमध्ये भाजपचे काश्मिरी पंडित नेते टिकालाल टपलू मारले गेले. त्यानंतर पंडितांच्या हत्या सुरू झाल्या आणि 1990 च्या हिवाळ्यात एका प्राचीन समाजाला आपली घरेदारे सोडून जम्मूच्या तंबूंत जावे लागले. आपल्यातील काही कॉम्रेड हा विषय निघाला की अवघडतात, जणू पंडितांचे दुःख उच्चारले की ते भाजपच्या खात्यात जमा होईल. हा अवघडलेपणा सोडावयास हवा. आपण तो विषय टाळला म्हणूनच ते खाते त्यांच्या नावावर चढले. त्याच हिवाळ्यात, 21 जानेवारी 1990 रोजी, श्रीनगरच्या गावकदल पुलावर निदर्शकांवर गोळीबार झाला. त्याच वर्षी सशस्त्र दलांना विशेषाधिकार देणारा कायदा लागू झाला. दोन्ही शोकांतिका खऱ्या आहेत, आणि एकीने दुसरीची फिटंफाट होत नाही.

1996 मध्ये पुन्हा विधानसभा निवडणूक झाली. अनेक गावांत जवानांनी माणसे घराबाहेर काढून मतदान केंद्रावर नेल्याच्या तक्रारी होत्या, आणि दुसरीकडून मत देणाऱ्याचे बोट कापू अशा धमक्या होत्या. त्या निवडणुकीत दक्षिण काश्मीरमधील कुलगाम येथून आपल्या पक्षाचे कॉ. महंमद युसूफ तारिगामी प्रथम निवडून आले. नंतर 2002, 2008 आणि 2014 मध्येही. त्यांतील काही विजय अवघ्या काहीशे मतांचे होते. त्यांच्यावर अनेकदा हल्ले झाले, पक्षाचे कार्यकर्ते मारले गेले. काश्मीरमध्ये लाल झेंडा हाती धरणाऱ्याला एका बाजूने नास्तिक आणि दिल्लीचा हस्तक म्हणून गोळी घातली जाई, आणि दुसऱ्या बाजूने फुटीरवाद्यांचा सहानुभूतीदार म्हणून संशयाने पाहिले जाई.

नॅशनल कॉन्फरन्सच्या त्या सरकारने जून 2000 मध्ये विधानसभेत स्वायत्ततेचा ठराव संमत करून घेतला. केंद्रातील वाजपेयी मंत्रिमंडळाने तो जुलैच्या पहिल्या आठवड्यातच फेटाळला. त्या मंत्रिमंडळात नॅशनल कॉन्फरन्सचाही मंत्री होता, आणि त्या पक्षाने आघाडी सोडली नाही. तेव्हा आज त्या पक्षाशी आपण समझोता केला म्हणजे त्याच्या इतिहासाला प्रमाणपत्र दिले असे कोणी समजू नये.

2008 मध्ये 60 टक्क्यांवर आणि 2014 मध्ये 65 टक्क्यांच्या घरात मतदान झाले. मधल्या काळात, 2008 आणि 2010 च्या उन्हाळ्यांत, रस्त्यांवर शंभरांहून अधिक माणसे मारली गेली होती. म्हणजे तोच माणूस जुलैत मिरवणुकीत होता आणि डिसेंबरात रांगेत. त्याला विचारले तर तो सांगे की मत वीज, रस्ता, पाणी आणि नोकरीसाठी आहे, काश्मीरच्या प्रश्नाचा निकाल मी दिलेला नाही. हे उत्तर दिल्लीला कधीच ऐकू आले नाही. मतदानाची टक्केवारी चढली की प्रश्न मिटला असे दिल्ली समजत आली. आता पहिल्या चिठ्ठीतल्या कॉम्रेडने आकडे शेजारी ठेवून पाहावेत. 2024 मध्ये 63.88 टक्के. 2014 मध्ये, कलम 370 शाबूत असताना, त्याहून अधिक. आणि सर्वांत अधिक 1987 मध्ये, ज्या निवडणुकीने राज्य पेटवले. टक्केवारी हाच मान्यतेचा पुरावा मानावयाचा, तर सर्वांत मोठी मान्यता सर्वांत मोठ्या चोरीला मिळाली असे म्हणावे लागेल.

2014 नंतर काय झाले ते येथे बहुतेकांना ठाऊक आहे. भाजपला रोखण्यासाठी मते मागणाऱ्या पीडीपीने भाजपशीच सत्ता वाटून घेतली. जून 2018 मध्ये ते सरकार पडले. नोव्हेंबरात पीडीपी, नॅशनल कॉन्फरन्स आणि काँग्रेस एकत्र येऊन सरकार बनवण्याचा दावा करू लागले, तेव्हा राजभवनातील फॅक्स यंत्र चालत नव्हते म्हणून दाव्याचे पत्र पोहोचलेच नाही, आणि राज्यपालांनी त्याच रात्री विधानसभा विसर्जित केली. सण असल्याने यंत्रावर कर्मचारी नव्हता, असे कारण देण्यात आले. भारतीय संघराज्याच्या इतिहासात एका फॅक्स यंत्राने एवढी मोठी कामगिरी अन्यत्र कोठे बजावली असेल असे वाटत नाही. कारण या विसर्जनामुळेच 5 ऑगस्ट 2019 रोजी विधानसभेची संमती घेण्याचा प्रसंग उरला नाही. राज्यपालांची संमती हीच राज्याची संमती ठरली, म्हणजे केंद्राने केंद्रालाच विचारले आणि केंद्राने होकार दिला!

त्या दिवशी राज्याचे दोन तुकडे झाले आणि भारतात प्रथमच एका पूर्ण राज्याला खाली उतरवून केंद्रशासित करण्यात आले. माजी मुख्यमंत्री स्थानबद्ध झाले. कॉ. तारिगामीही स्थानबद्ध झाले. 9 ऑगस्टला कॉ. सीताराम येचुरी आणि भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे कॉ. डी. राजा श्रीनगरच्या विमानतळावरून परत पाठवले गेले. कॉ. येचुरी यांनी सर्वोच्च न्यायालयात बंदी प्रत्यक्षीकरणाचा अर्ज केला आणि ऑगस्टच्या अखेरीस न्यायालयाच्या आदेशाने ते आपल्या आजारी सहकाऱ्याला भेटले. त्या काळात, ऑक्टोबर 2019 मध्ये, कुलगाम जिल्ह्यात मुर्शिदाबादच्या पाच मजुरांना अतिरेक्यांनी गोळ्या घातल्या. पोटासाठी हजारो मैल गेलेल्या त्या मजुरांना कलम 370 शी काय देणेघेणे होते?

डिसेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राचा निर्णय वैध ठरवला. त्याबरोबर 30 सप्टेंबर 2024 पर्यंत निवडणूक घेण्याचा आदेश दिला, आणि राज्याचा दर्जा शक्य तितक्या लवकर परत द्यावा असे म्हटले. म्हणजे 2024 ची निवडणूक सरकारच्या लोकशाहीप्रेमातून झाली नाही. न्यायालयाने तारीख दिली नसती तर ती झाली असती की नाही, याचा अंदाज प्रत्येकाने करावा.

निवडणुकीपूर्वी विधानसभेचे घर नव्याने बांधण्यात आले, आणि त्याचे मोजमाप आपण पाहिले पाहिजे. देशाच्या बहुतेक भागांत मतदारसंघांची फेररचना 2026 नंतरच्या जनगणनेपर्यंत गोठवलेली असताना जम्मू-काश्मीरमध्ये ती 2011 च्या जनगणनेवरून उरकण्यात आली. आयोगाच्या अध्यक्षा होत्या मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या निवृत्त न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई. मे 2022 च्या आदेशाने जम्मूच्या जागा 37 वरून 43 झाल्या, काश्मीर खोऱ्याच्या 46 वरून 47. आता खोऱ्याची लोकसंख्या 68.88 लाख आणि जम्मूची 53.78 लाख. भागाकार करा. खोऱ्यात एका आमदारामागे सुमारे 1 लाख 46 हजार माणसे, जम्मूत 1 लाख 25 हजार. भूभाग, दळणवळण, सीमेची जवळीक अशी कारणे देण्यात आली, आणि त्यांत काही तथ्य असेलही. परंतु प्रत्येक कारणाचे फळ एकाच बाजूच्या पदरात पडावे, हा योगायोग विलक्षण आहे. अनुसूचित जमातींसाठी प्रथमच 9 जागा राखल्या गेल्या, तसेच पश्चिम पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांना आणि वाल्मीकी समाजाला विधानसभेसाठी मताचा हक्क मिळाला, या दोन गोष्टी मात्र योग्य झाल्या. जुन्या राज्याने या कष्टकऱ्यांना दशकानुदशके वंचित ठेवले होते. त्याचे समर्थन आपल्याला करता येणार नाही.

निवडून आलेल्या 90 आमदारांवर नायब राज्यपालांनी 5 सदस्य नामनियुक्त करण्याची तरतूद आहे. पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था हे विषय विधानसभेच्या कक्षेबाहेर. आणि जुलै 2024 मध्ये, निवडणूक तोंडावर आली असताना, केंद्रीय गृहमंत्रालयाने नियम दुरुस्त करून वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या नेमणुका, खटल्यांना मंजुरी, महाधिवक्त्याची नियुक्ती यांवर नायब राज्यपालांची पकड आणखी आवळली. 1987 मध्ये सभागृह पूर्ण होते आणि मत चोरले गेले. 2024 मध्ये मत बहुतांशी खरे मोजले गेले, पण सभागृहच पोकळ करून ठेवले होते.

तरीही लोक आले. 18 सप्टेंबर, 25 सप्टेंबर आणि 1 ऑक्टोबर अशा तीन फेऱ्यांत मतदान झाले. दक्षिण काश्मीरमध्ये सफरचंदाच्या तोडणीचा तो हंगाम. अमेरिकेच्या सफरचंदांवरील 20 टक्के जादा आयातशुल्क 2023 मध्ये उठवल्यापासून बागाईतदार अस्वस्थ होता. पेट्या भरून महामार्गावर अडकलेल्या मालमोटारींची चिंता होती, विजेच्या मीटरांचा राग होता, सुशिक्षित मुलांच्या बेकारीची धग होती, आणि या सर्वांच्या मुळाशी एक साधी भावना होती : पाच-सहा वर्षे आमच्यावर जे अधिकारी राज्य करीत आहेत, त्यांना आम्ही ओळखत नाही आणि तेही आम्हाला ओळखत नाहीत.

12 सप्टेंबरला कॉ. येचुरी गेले. सहा दिवसांनी कुलगामने मतदान केले. पाच वर्षांपूर्वी ज्या कॉम्रेडच्या सुटकेसाठी त्यांनी न्यायालय गाठले होते, ते तेथे उमेदवार होते. नॅशनल कॉन्फरन्स-काँग्रेस आघाडीने ती एक जागा आपल्या पक्षासाठी सोडली होती. समोर होता बंदी घातलेल्या जमाते इस्लामीच्या पाठिंब्याचा अपक्ष उमेदवार. 1987 नंतर प्रथमच जमातीचे लोक निवडणुकीकडे परतले होते, आणि आपण त्याचे स्वागतच केले पाहिजे. ज्यांनी बहिष्काराचे फतवे काढले, त्यांनी मत मागण्यासाठी शेतकऱ्याच्या दारात यावे आणि शेतकऱ्याने त्यांना नाकारावे, यासारखे राजकीय शिक्षण दुसरे नाही. कॉ. तारिगामी 7,838 मतांनी पाचव्यांदा निवडून आले. पुढे नोव्हेंबरात महाराष्ट्रात आपल्याला डहाणूची एक जागा मिळाली. कुलगामला एक, डहाणूला एक. वृत्तपत्रांनी यावर विनोद केले. आदिवासी शेतकरी आणि काश्मिरी शेतकरी यांच्यात त्यांना काही समान दिसले नाही.

एकंदर निकालात नॅशनल कॉन्फरन्सला 42, भाजपला 29, काँग्रेसला 6, पीडीपीला 3 जागा मिळाल्या. भाजपशी संग केल्याचे मोल पीडीपीने चुकवले. भाजपच्या सर्व 29 जागा जम्मू विभागातील होत्या. खोऱ्यात त्याला एकही मिळाली नाही. 5 ऑगस्टला मान्यता मिळाली म्हणणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे. मात्र आपणही एका प्रश्नाचे उत्तर दिले पाहिजे. जम्मूच्या 43 पैकी 29 जागा भाजपकडे का गेल्या? तेथील व्यापाऱ्याला दरबार-बदलाची प्रथा मोडल्याने फटका बसला होता, बाहेरच्या कंत्राटदारांविरुद्ध रोष होता, कंत्राटी कामगार रस्त्यावर होते. हा सर्व असंतोष जमातवादी प्रचाराच्या प्रवाहात वाहून गेला, आणि काँग्रेसला जम्मू विभागात केवळ एक जागा जिंकता आली. आपण तर तेथे जवळजवळ नव्हतोच. कुलगामचा आनंद साजरा करताना ही उणीव झाकून ठेवू नये.

पुढचा अध्याय दुसऱ्या चिठ्ठीचा आहे. 16 ऑक्टोबर 2024 ला ओमर अब्दुल्ला मुख्यमंत्री झाले. मंत्रिमंडळाचा पहिलाच ठराव राज्याच्या दर्जासाठी होता. 6 नोव्हेंबरला विधानसभेने विशेष दर्जाबाबत केंद्राने लोकप्रतिनिधींशी संवाद सुरू करावा असा ठराव केला. शब्द किती सौम्य होते ते पाहा. दोनच दिवसांनी महाराष्ट्रातील निवडणूक प्रचारात, धुळ्याच्या सभेत, पंतप्रधानांनी त्या ठरावावर तोफ डागली. श्रीनगरचा ठराव खानदेशच्या कापूस उत्पादकासमोर ठेवण्यात आला, म्हणजे त्याने कापसाच्या भावाविषयी विचारू नये. तेव्हा काश्मीर हा आपल्या शाखेच्या कक्षेबाहेरचा विषय आहे असे कोणी समजू नये. प्रतिपक्ष तो आपल्या दारात आणून ठेवतोच.

22 एप्रिल 2025 ला पहलगामच्या बैसरण कुरणात 26 माणसे मारली गेली. डोंबिवलीचे तिघे, पुण्याचे दोघे, पनवेलचे एक, असे सहा जण महाराष्ट्राचे होते. धर्म विचारून मारण्यात आले. त्यांना वाचवण्याच्या प्रयत्नात घोडेवाल्याचे काम करणारा एक काश्मिरी मुसलमान तरुणही मारला गेला. दुसऱ्या दिवशी खोरे उत्स्फूर्तपणे बंद राहिले. अतिरेक्यांच्या हत्याकांडाविरुद्ध असा बंद गेल्या तीन दशकांत दिसला नव्हता. 28 एप्रिलला विधानसभेच्या विशेष अधिवेशनात मुख्यमंत्र्यांनी सांगितले की सुरक्षा माझ्या सरकारकडे नाही, तरी यजमान म्हणून पाहुण्यांना सुखरूप परत पाठवणे माझे कर्तव्य होते, आणि या प्रेतांवर उभे राहून मी राज्याचा दर्जा मागणार नाही. ज्यांच्या हाती सुरक्षा होती त्या नायब राज्यपालांनी जबाबदारी स्वीकारल्याचे जुलैत जाहीरपणे म्हटले. मात्र त्यांना जाब विचारण्याचा अधिकार विधानसभेला नव्हता. निवडून आलेला मनुष्य अधिकाराशिवाय शोक करतो आणि अधिकार असलेला मनुष्य कोणालाही उत्तरदायी नसतो, अशी ही रचना आहे.

त्याच जुलैत 1931 च्या हुतात्म्यांना अभिवादन करू नये म्हणून नेत्यांना घरांत कोंडण्यात आले, आणि 14 तारखेला राज्याच्या मुख्यमंत्र्याला कबरस्तानाची भिंत चढून आत जावे लागले. ऑगस्टमध्ये राज्याच्या दर्जाचा विषय सर्वोच्च न्यायालयात निघाला, तेव्हा पहलगामकडे दुर्लक्ष करता येणार नाही असे न्यायालयाने म्हटले. सप्टेंबरमध्ये डोडा येथून निवडून आलेले आम आदमी पक्षाचे आमदार मेहराज मलिक यांना सार्वजनिक सुरक्षा कायद्याखाली स्थानबद्ध करण्यात आले. हा आदेश जिल्हा दंडाधिकाऱ्याने काढला. विधानसभेच्या 90 सदस्यांपैकी एकाला एक अधिकारी खटल्याविना आत टाकतो आणि मुख्यमंत्री निषेधाचे पत्रक काढतो! ऑक्टोबर 2025 मध्ये सरकारला एक वर्ष झाले, तेव्हाही राज्याचा दर्जा परत मिळालेला नव्हता.

मग आपण ही निवडणूक का लढवली? 1983 मध्ये आसाम पेटलेला असताना डाव्यांनी निवडणूक लढवली, तेव्हाही हा वाद झाला होता. तेथे इंदिरा गांधींच्या सरकारने मतदार यादीचा प्रश्न न सोडवता निवडणूक लादली आणि 18 फेब्रुवारीला नेल्लीचे हत्याकांड घडले. आपले मत तेव्हाही असे होते की परदेशी नागरिकांच्या नावाखाली भाषिक आणि धार्मिक अल्पसंख्याकांना हाकलण्याच्या मागणीपुढे मान तुकवता येणार नाही. परंतु निवडणूक घेणे हाच उपाय, असे मानणाऱ्या सरकारला आपण त्या वेळी पुरेसे कठोरपणे अडवले का, हे मला आजही प्रामाणिकपणे विचारावेसे वाटते. हिंसाग्रस्त प्रदेशात निवडणूक हे औषध नाही आणि विषही नाही. ती कोणाच्या मागणीवरून होते आणि निवडलेल्याच्या हाती काय पडते, यावर सर्व अवलंबून असते. काश्मीरमध्ये 2024 ची निवडणूक जनतेची मागणी होती. अधिकाऱ्यांच्या राजवटीचा कंटाळा आलेल्या माणसाला आपण ‘घरी बस’ म्हणून सांगितले असते, तर आपण आणि नायब राज्यपाल एकाच बाजूला उभे राहिलो असतो.

पोकळ सभागृहातही एक गोष्ट करता येते. ते पोकळ आहे हे आतून, नोंदवहीत, तारखेनिशी सिद्ध करता येते. कॉ. तारिगामी सभागृहात रोजंदारी कामगारांचा, जमिनीवरून हाकलल्या जाणाऱ्या शेतकऱ्याचा प्रश्न मांडतात, तेव्हा सरकारला दोनच उत्तरे देता येतात : एक तर प्रश्न सोडवणे, नाहीतर आमच्याकडे अधिकार नाही असे कबूल करणे. दुसरे उत्तर जितक्या वेळा नोंदले जाईल, तितकी राज्याच्या दर्जाची मागणी श्रीनगरच्या बंगल्यांतून निघून गावच्या पारावर येईल. नॅशनल कॉन्फरन्सला हे तितकेसे रुचणारे नाही, कारण अधिकार नाही हे सांगणे सोपे, पण त्यासाठी रस्त्यावर उतरणे अवघड. मोफत विजेच्या आणि नोकऱ्यांच्या आश्वासनांचे काय झाले असे लोक त्यांनाही विचारू लागले. नोव्हेंबर 2025 मध्ये, मुख्यमंत्र्यांनी स्वतः सोडलेल्या बडगामच्या जागेवर पोटनिवडणूक झाली, आणि 1977 पासून जो मतदारसंघ नॅशनल कॉन्फरन्सकडे होता तो पीडीपीने जिंकला. वर्षापूर्वी ज्या मतदाराने केंद्राला उत्तर दिले होते, त्यानेच आता आपल्या मुख्यमंत्र्याला उत्तर दिले, आणि तेही दगड न उचलता.

शाखेत हा विषय मांडताना इंदूर, हैदराबाद, बडोदा येथील आपल्या कॉम्रेड्सना शेजारीपाजारी विचारतील : पहलगामनंतरही तुम्ही त्यांची बाजू घेता? त्यांना 23 एप्रिलच्या बंदविषयी सांगा. कागदावर 63.88, 65 आणि 75 हे तीन आकडे त्यांच्या सालांसह लिहून द्या, आणि शेवटच्या आकड्यानंतर अडीच वर्षांनी आलेला पाचचा आकडा त्याखाली लिहा. आता चहाची वेळ झाली आहे. जम्मूतील कामगार संघटनेसंबंधी आलेली तिसरी चिठ्ठी आपण दुपारच्या सत्रात घेऊ.